म्हातारपणाची पेन्शन परवडते का, आणि ती उशिरा सुरू करावी का? मराठवाड्यातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावणबाळचा, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांना मिळणाऱ्या राज्याच्या पेन्शनीचा, अर्ज भरायला आलेलं माणूस आधी कागदपत्रांचं विचारतं. कागद जमले की मग मनातलं विचारतं: हे पैसे पुढंही मिळत राहतील ना? टीव्हीवर तर म्हणतात सरकारला झेपत नाही, पेन्शनचं वय वाढवणार आहेत. संभाजीनगरपासून धाराशिवपर्यंत थोड्याफार फरकानं हेच प्रश्न येतात. आकडे जितके पक्के माहीत आहेत तितके देतो, आणि जिथं आमचं मत आहे तिथं ते मत म्हणूनच सांगतो.

सरकारवर पेन्शनचा बोजा वाढलाय असं सारखं ऐकतो. ही नेमकी कोणती पेन्शन?

हा गुंता आधी सोडवला नाही तर पुढची सगळी चर्चा भरकटते. मराठवाड्यातल्या एका मध्यम गावात चार तऱ्हेचे म्हातारे भेटतात. एक, निवृत्त शिक्षक किंवा तलाठी: शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता, आणि त्यांच्या माघारी बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन. दोन, वाळूजच्या कंपनीतून, सूतगिरणीतून किंवा साखर कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार. त्याला ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीला जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन, बहुतेकदा हजार ते तीन हजारांच्या घरात. तीन, शेतमजूर, ऊसतोड कामगार, हमाल, धुणीभांडी करणारी बाई. यांना श्रावणबाळचे महिना १५०० रुपये, तेही यादीत नाव लागलं तर. आणि चार, ज्यांना काहीच मिळत नाही. दोन-तीन एकर कोरडवाहू वावर नावावर आहे, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नाही, उत्पन्नाचा दाखला मर्यादेत बसत नाही.

आता केंद्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प बघा. एकूण खर्च ५० लाख ६५ हजार कोटी. त्यात सरकारी आणि लष्करी निवृत्तांच्या पेन्शनवर सुमारे पावणेतीन लाख कोटी, म्हणजे शंभर रुपयांतले जवळजवळ साडेपाच रुपये. देशभरातल्या गरीब वृद्ध, विधवा आणि दिव्यांगांना पेन्शन देणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमाला मिळून ९,६५२ कोटी. शंभर रुपयांतले १९ पैसे.

बोजा म्हणताना पहिला आकडा डोळ्यांपुढं असतो आणि वय वाढवा म्हणताना कात्री पडते ती दुसऱ्यावर. आमचा सगळा आक्षेप इथंच आहे. या दोन पेन्शनी वेगळ्या आहेत, त्यांचे हिशेब वेगळे आहेत, म्हणून "उशिरा सुरू करावी का" याचं उत्तरही दोघींसाठी वेगळंच असलं पाहिजे.

श्रावणबाळमध्ये नक्की काय मिळतं?

वय ६५ किंवा जास्त, महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव. महिना १५०० रुपये. आधी ६०० होते, २०१९ मध्ये १००० झाले, २०२३ मध्ये १५००. यादीत नाव असलेल्यांच्या १५०० मध्ये केंद्राचा वाटा असतो, उरलेलं राज्य भरतं.

केंद्राचा वाटा किती?

२०० रुपये. वय ८० च्या पुढं असेल तर ५००.

केंद्राची ही वृद्धापकाळ पेन्शन योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली तेव्हा ७५ रुपये होते. २००६ मध्ये २०० केले. २०११ मध्ये ८० वर्षांपुढच्यांना ५०० केले आणि तिथून पुढं आकडा हललेला नाही. मधल्या काळात गोडेतेल, डाळ, दवाखान्याची फी, एसटीचं तिकीट कुठून कुठं गेलं हे कुणी सांगायची गरज नाही. महागाई धरली तर त्या २०० ची किंमत आज निम्म्याच्याही बरीच खाली आली आहे. म्हणजे केंद्राचा माणशी खरा खर्च दरवर्षी आपोआप घटत गेला आहे. जी रक्कम इतकी वर्षं महागाईनं कुरतडली जाते आहे, तिलाच टिकाऊपणाचा प्रश्न विचारणं आम्हाला अन्यायाचं वाटतं.

तरीपण, ही पेन्शन सरकारला झेपते का? सरळ सांगा.

झेपते. गुणाकार कुणीही करून बघावा. एक लाख वृद्धांना महिना १५०० म्हणजे वर्षाला १८० कोटी. दहा लाख नवे वृद्ध यादीत आले तर १,८०० कोटी. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींच्या घरातला आहे. त्यातले १,८०० कोटी म्हणजे शंभर रुपयांत पाव रुपया. त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती, तिचा विसावा भाग.

इथं एक गोष्ट लपवू नये. हे गणित हलकं दिसतं कारण रक्कमच तुटपुंजी आहे. १५०० मध्ये महिनाभराचं औषधसुद्धा कित्येकांना पुरत नाही. रक्कम ३,००० केली आणि ४० लाख वृद्धांना दिली तर वर्षाला १४,४०० कोटी लागतील, म्हणजे अर्थसंकल्पाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. ही रक्कम लहान नाही. पण राज्याला बुडवणारीही नाही. कोणता रस्ता, कोणती सवलत, कोणती योजना आधी, याची ती निवड आहे. ती निवड उघडपणे विधिमंडळात व्हावी. वयाच्या अटीआड लपून होऊ नये.

पण म्हातारी माणसं वाढतायत आणि तरुण कमी होतायत. वीस वर्षांनी कोण भरणार?

हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तज्ज्ञ गटाच्या अंदाजानुसार २०११ मध्ये देशात शंभरात आठ-साडेआठ माणसं साठीच्या पुढची होती, २०३६ मध्ये ती पंधराच्या आसपास असतील. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत एका बाईमागे सरासरी १.७ मुलं होती. लोकसंख्या जागच्या जागी राहायला २.१ लागतात.

मराठवाड्यात ही गोष्ट आकड्यांच्या आधी डोळ्यांना दिसते. पोरं पुण्याला, चाकणला, हिंजवडीला. दिवाळीला आणि जत्रेला गाव भरतं, एरवी ओट्यावर म्हातारीकोतारी. जिल्ह्याची सरासरी काहीही सांगो, अशी गावं आत्ताच सरासरीपेक्षा म्हातारी झालेली आहेत.

म्हणून पैसा आत्तापासून बाजूला काढायला हवा, हे आम्हाला मान्य. त्याचा एक रस्ता आपल्याच राज्यात पन्नास वर्षांहून जुना आहे: १९६९ चा माथाडी कायदा. मोंढ्यातल्या हमालाच्या मजुरीवर व्यापाऱ्याकडून लेव्ही घ्यायची, ती मंडळाकडं जमा करायची आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी द्यायची. मालक रोज बदलला तरी हमालाचं खातं एकच राहतं. हेच ऊसतोडीत करता येतं. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं सरकारनं ठरवलेलं आहे. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. म्हणजे हे झाले शंभर कोटी. टनामागे आणखी वीस-पंचवीस रुपये पेन्शनसाठी वेगळे ठेवले तर लाखाच्या वर कामगारांना आजच्या दरानं पेन्शन देता येईल, सरकारी तिजोरीतला एक रुपयाही न घेता. उसाच्या टनाला तीन हजारांच्या आसपास भाव मिळतो, तिथं ही रक्कम काढणं अशक्य नाही.

जगभर पेन्शनचं वय वाढवतायत. आपणच का मागं राहायचं?

वाढवतायत हे खरं आहे. चीननं १ जानेवारी २०२५ पासून पुरुषांचं निवृत्तीचं वय ६० वरून टप्प्याटप्प्यानं ६३ करायला घेतलं. अमेरिकेनं १९८३ मध्ये कायदा करून पूर्ण पेन्शनचं वय ६५ वरून हळूहळू ६७ वर नेलं. फ्रान्सनं २०२३ मध्ये ६२ चं ६४ करायचा कायदा केला तर लाखो लोक रस्त्यावर उतरले.

पण तिथं काय वाढलं ते नीट बघा. तिथल्या कामगाराच्या पगारातून उभा जन्म हप्ता कापला गेलेला असतो, मालकानंही भरलेला असतो आणि मिळणारी पेन्शन घर चालवण्याइतकी असते. त्या पेन्शनीशी तुलना करायचीच तर आपल्याकडच्या सरकारी पेन्शनीशी किंवा ईपीएसशी करावी. श्रावणबाळ ही निराधाराला दिलेली किमान मदत आहे. आणि जर्मनीनं १८८९ मध्ये पहिली वृद्धापकाळ पेन्शन आणली तेव्हा वय ७० ठेवलं होतं, पुढं १९१६ मध्ये ते ६५ वर उतरवलं. वयाची अट वर जाते तशी खालीही येते. तो राजकीय निर्णय असतो.

आता लोक जास्त जगतात. मग पाच वर्षं उशिरा दिली तर काय बिघडलं?

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान बत्तिशीच्या आसपास होतं, आज सत्तरच्या आसपास आहे. पण ही वाढ मोठ्या प्रमाणात लहान लेकरं दगावायची थांबली म्हणून झाली. तेव्हाही जो साठीला पोचायचा तो पुढं बरीच वर्षं जगायचा. आज साठीला पोचलेल्याला सरासरी सतरा-अठरा वर्षं उरलेली असतात. जन्माच्या वेळचं आयुर्मान दुप्पट झालं म्हणजे म्हातारपण दुप्पट झालं, असं नाही.

शिवाय ही सरासरी सगळ्यांची आहे. ज्यानं पंख्याखाली बसून नोकरी केली आणि ज्यानं ओझी वाहिली, ते दोघं सारखे जगत नाहीत. पेन्शन ६५ ला सुरू झाली आणि माणूस ८२ व्या वर्षी गेला तर त्याला १७ वर्षं मिळाली. ६८ व्या वर्षी गेला तर तीन. आता वय ६७ करा. पहिल्याची १७ ची १५ झाली, दुसऱ्याची तीनची एक. दोघांचीही दोनच वर्षं कापली, पण एकाचं जवळजवळ सगळंच गेलं.

ऊसतोड कामगारांसाठी ६५ हे वय योग्य आहे का?

नाही. या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून दिवाळीच्या पुढंमागं टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. पहाटे अंधारात फडात जायचं, ऊस तोडायचा, वाढं वेगळं करायचं, मोळ्या बांधायच्या आणि गाडी आली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढून भरायची, मग रात्र असो की थंडी. बाई हे सगळं करते आणि वर कोपीवर (झोपडीवर) येऊन भाकरीही तीच थापते. लग्न झालं की वर्षा-दोन वर्षांत कोयता हातात येतो, म्हणजे विशी लागायच्या आतच. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्याचं प्रकरण बाहेर आलं, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हंगामात एक दिवसही मोडायला नको म्हणून तिशी-पस्तिशीतल्या बाया ऑपरेशन करून घेत होत्या. त्या बायांचं शरीर पन्नाशीला काय अवस्थेत असतं, ते त्यांच्या गावात जाऊन बघावं.

निवृत्तीचं वय इथं कोणताही शासन निर्णय ठरवत नाही. ते मुकादम ठरवतो. पाठ वाकली, मोळी उचलेना, की त्या कोयत्याला उचल मिळत नाही. पन्नाशीनंतर केव्हातरी हे होतं. तिथून ६५ पर्यंत जी दहा-पंधरा वर्षं जातात, त्यात ही माणसं नातवंडं सांभाळतात, शेरडं राखतात, निंदणी-खुरपणीला अर्ध्या मजुरीवर जातात आणि गुडघ्याच्या गोळ्या दुकानातून सुट्या आणून खातात.

आमचं मत: किमान पाच-सात हंगाम ऊसतोड केल्याची नोंद असेल तर वृद्धापकाळ पेन्शन ५५ ला सुरू व्हावी. महामंडळानं कामगारांना ओळखपत्रं द्यायला घेतलीच आहेत, त्यावर हंगामाची नोंद करणं अवघड नाही. वीटभट्टीवरचे कामगार आणि दगडखाणीतले मजूर यांनाही हेच लागू व्हावं.

आणि बाकीच्यांसाठी, ६० की ६५?

६०. केंद्रानं २०११ मध्ये आपल्या योजनेचं वय ६५ वरून ६० वर आणलं. राज्याच्या श्रावणबाळची अट मात्र ६५ वरच राहिली. संजय गांधी निराधार योजना ६५ च्या आतल्यांसाठी आहे, पण तिथं नुसतं वय चालत नाही. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजार असं काहीतरी कारण लागतं. धडधाकट दिसणारा पण काम न मिळणारा ६१ वर्षांचा मजूर या दोन्हींच्या मध्ये राहतो. त्याची पाच वर्षांची रक्कम धरली तर ९० हजार होते. एवढ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, सावकाराचं देणं कमी होतं, घरावर पत्रे पडतात.

म्हणून महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर पेन्शन "उशिरा सुरू करावी का" हा प्रश्न जरा विचित्रच आहे. ती आधीच उशिरा सुरू होते.

माझ्या आईला लाडकी बहीणचे पैसे मिळत होते. ६५ पूर्ण झाल्यावर ते बंद झाले तर आपोआप श्रावणबाळ लागू होईल का?

आपोआप होत नाही. नवा अर्ज करावा लागतो, आणि अडचण तिथंच येते. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून आहे, वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. श्रावणबाळची मर्यादा २१ हजार. समजा घरात सोयाबीन आणि मुलाची मजुरी मिळून वर्षाला लाखभर येतात. ६४ व्या वर्षी त्या माउलीला १५०० मिळत होते. ६५ झाली, आणखी थकली, आणि तिचे पैसे गेले. घरातलं उत्पन्न तेच, गरज वाढलेली.

ही फट मुद्दाम ठेवली असेल असं आम्ही म्हणत नाही. दोन योजना दोन खात्यांनी वेगवेगळ्या काळात केल्या. पण ती बुजवणं एका शासन निर्णयाचं काम आहे: लाडकी बहीणच्या यादीतली बाई ६५ ची झाली की तिचं नाव त्याच उत्पन्न मर्यादेवर श्रावणबाळमध्ये वर्ग करायचं.

२१ हजार उत्पन्न तर कुणाचंच नसतं. मग दाखला मिळतो कसा?

२१ हजार म्हणजे कुटुंबाला महिना १,७५०. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातला एक माणूस वर्षात ६८ दिवस कामावर गेला की मर्यादा ओलांडली. म्हणजे नियमाप्रमाणं पात्र राहायचं तर घरातल्या कुणी नीट कामच करायचं नाही. आणि दारिद्र्यरेषेची यादी वीसेक वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षणावरची. तेव्हा ज्यांचं बरं चाललं होतं आणि नंतरच्या दुष्काळांत जे कोलमडले, ते तिच्यात नाहीत. तेव्हा ज्यांचं नाव लागलं आणि आता ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे, ते आहेत.

दाखला मग कसा मिळतो हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हातारपणी पंधराशे रुपयांसाठी माणसाला खोट्या आकड्यावर अंगठा द्यायला लावणारी अट बदलली पाहिजे.

सरकारी कर्मचाऱ्यांच्या जुन्या पेन्शनबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?

राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांनी संप केला तेव्हा आपल्याकडच्या शाळा, तहसील, दवाखाने ठप्प होते. त्यांची मागणी आम्हाला चुकीची वाटत नाही. बाजारावर हेलकावे खाणारी पेन्शन कुणालाच नको असते. पण जुन्या पेन्शनीत कर्मचारी काही भरत नव्हता आणि सरकारही निधी बाजूला ठेवत नव्हतं. देणं पुढच्या पिढीच्या करांवर टाकलेलं होतं. टिकाऊपणाचा प्रश्न खऱ्या अर्थानं इथं लागू होतो. केंद्राची १ एप्रिल २०२५ पासूनची एकत्रित पेन्शन योजना मधला मार्ग काढते: २५ वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी हमी, कर्मचारी १० टक्के भरणार, सरकार साडेअठरा. हमी आहे आणि निधीही आहे. हे आम्हाला योग्य वाटतं.

निवृत्तीचं वय ५८ चं ६० केलं तर सरकारचे पैसे वाचतील ना?

फार नाही. दोन वर्षं पेन्शन वाचते, पण तीच दोन वर्षं पूर्ण पगार द्यावा लागतो. केंद्रात १९९८ पासून ६० आहे, आपल्याकडं चतुर्थ श्रेणीलाही ६० आहे, त्यामुळं कर्मचारी संघटनांचा युक्तिवाद समजतो. पण संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या अभ्यासिकांत पंचविशी-तिशी ओलांडलेली पोरं जागा निघायची वाट बघत बसली आहेत, त्यांची दोन वर्षं कुणाच्या खात्यात धरायची?

ईपीएस-९५ वाल्यांचं काय?

यांच्यावर सगळ्यात मोठा अन्याय झाला असं आम्हाला वाटतं, कारण यांच्या नावानं नोकरीभर पैसे भरले गेले आहेत. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के या योजनेत जातात. पेन्शन ५८ ला सुरू होते, किमान दहा वर्षं नोकरी लागते. सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पगाराची मर्यादा २०१४ पासून १५ हजार, त्यामुळं ३५ वर्षं नोकरी केली तरी ७,५०० च्या पुढं सहसा जात नाही. किमान पेन्शन १,००० रुपये, तीही २०१४ पासून तेवढीच. महागाई भत्ता नाही. साखर कारखान्यांत हंगामी कामगार म्हणून आयुष्य घालवलेल्यांना तर या हजाराच्या आसपासच मिळतं. साडेसात हजार आणि महागाई भत्ता ही निवृत्तांची मागणी कित्येक वर्षं पडून आहे.

वयाच्या बाबतीत मात्र या योजनेत एक चांगली सोय आहे, तिची चर्चा कमी होते. पेन्शन ५८ ऐवजी ६० पर्यंत पुढं ढकलली तर दर वर्षाला ४ टक्के वाढवून मिळते. ५० नंतर लवकर घेतली तर दर वर्षाला ४ टक्के कमी. ज्याचं शरीर साथ देतंय त्यानं थांबावं, ज्याचं देत नाही त्यानं घ्यावी. "उशिरा सुरू करा" म्हणणाऱ्यांनी ही पद्धत उचलावी. सक्ती कुणावर नाही आणि थांबणाऱ्याला मोबदला आहे.

लोकांनी स्वतःच अटल पेन्शनमध्ये का साठवू नये?

जमत असेल तर जरूर साठवावं. १८ व्या वर्षी सुरू केलं तर महिना २१० रुपये भरून साठीनंतर ५,००० मिळतात. चाळिसाव्या वर्षी सुरू केलं तर त्याच ५,००० साठी १,४५४ भरावे लागतात. लवकर सुरू करणं यातच सगळं आहे. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी आणि असंघटित कामगारांसाठी ३,००० रुपयांच्या मानधन योजनाही २०१९ पासून आहेत, तिथं जितकं तुम्ही भरता तितकंच सरकार भरतं.

दोन अडचणी आहेत. एक, ज्याच्या हातात पैसा वर्षातून दोनदा येतो, उचल मिळाल्यावर आणि माल विकल्यावर, त्याचा महिन्याचा हप्ता चुकतो. दुष्काळाच्या सालात तर हटकून. दोन, रक्कम ठरलेली आहे, महागाईप्रमाणं वाढत नाही. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर वीस वर्षांनंतरचे ५,००० म्हणजे आजचे जेमतेम साडेपंधराशे. आणि आज जे पन्नाशीत आहेत त्यांना यातल्या कुठल्याच योजनेत शिरता येत नाही, कारण प्रवेशाचं वय चाळीसपर्यंतच आहे.

आईबापांना सांभाळणं हे मुलांचं काम नाही का?

आहे, आणि २००७ च्या कायद्यानं ते बंधनकारकही आहे. प्रांत कार्यालयात अर्ज केला तर न्यायाधिकरण महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह भत्ता लावू शकतं. पण पुण्यात बारा-पंधरा हजारांवर कंत्राटी काम करणारा मुलगा खोलीभाडं भरून गावाकडं काय पाठवणार? बहुतेक मुलं निर्दय नसतात, त्यांच्याकडंच नसतं. आणि स्वतःचे पंधराशे असले की म्हातारीचा घरातला मान टिकतो. नातवाच्या हातावर दहा रुपये ठेवता येतात, मेडिकलवर जायला सुनेपुढं हात पसरावा लागत नाही.

आधारवर माझ्या वडिलांचं वय कमी पडलंय. त्यांचं खरं वय ६८ आहे. काय करावं?

ही तक्रार फार आहे. जन्माची नोंद नसलेल्यांचं वय आधार काढताना अंदाजानं टाकलं, म्हणून गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीला येतो. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही ऑक्टोबर २०२४ मध्ये एका निकालात स्पष्ट केलं आहे. श्रावणबाळसाठी शाळा सोडल्याचा दाखला, जन्म नोंदवहीचा उतारा, मतदार यादी किंवा शिधापत्रिकेतलं वय चालतं. यातलं काहीच नसेल तर सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला घ्यावा. जुन्या मतदार यादीत अनेकदा वय बरोबर सापडतं, ती आधी शोधा. आणि हे लक्षात ठेवा की वयाची अट एका वर्षानं जरी वर नेली तरी अशा चुकलेल्या आधारवाल्यांना ती आणखी लांब पडते.

पैसे येणं अचानक थांबलं. कुठं बघायचं?

आधी बँकेत. आता पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात येतात, आणि ज्या खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडलं त्यात जातात. मधे कुणी सिमकार्ड किंवा कसलं वॉलेट काढून देताना नवं खातं उघडलं असेल तर पैसे तिथं पडलेले सापडतात. मग दरवर्षीचा हयातीचा दाखला दिलाय का ते तपासा.

अंगठा न उमटणं हा वेगळा त्रास आहे. बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात हे रोज दिसतं: आजी अंगठा ठेवते, मशीन नाही म्हणतं, पोरगं सांगतं पुसा, आजी पदराला पुसते, मग ओल्या फडक्यानं, मग दुसऱ्या हाताचा, मग एकेक बोट. कापूस वेचून आणि खुरपं धरून रेषाच राहिलेल्या नसतात. अशा वेळी बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय मागा, ती आधारमध्ये आहे. "उद्या या" हे उत्तर घेऊन परत फिरू नका.

खोटी नावं घुसवून पैसे खाणारे आहेत, त्याचं काय?

आहेत, आणि ती नावं काढलीच पाहिजेत. ग्रामसभेत वर्षातून एकदा यादी मोठ्यानं वाचली तर बरीचशी गळतील. गावाला सगळं माहीत असतं. पण पडताळणीच्या नावाखाली सगळ्यांचेच पैसे तीन-तीन महिने अडवून ठेवणं बरोबर नाही. त्यात खोटं नाव तग धरतं आणि खरं माणूस उधारीवर जातं.

अर्ज नामंजूर झाला, कारण कुणी सांगत नाही. पुढं काय?

तहसीलच्या संजय गांधी योजना विभागात नामंजुरीचं कारण लेखी मागा. तोंडी उत्तरावर थांबू नका. दिलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा: अर्ज समितीपुढं कोणत्या तारखेला ठेवला, कोणत्या कारणानं नाकारला, कोणता कागद कमी होता. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मिळालेल्या कारणाप्रमाणं कागद दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत क्रमांकही आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माहिती अधिकाराचे ते १० रुपयेही लागत नाहीत, पुरावा म्हणून कार्डाची झेरॉक्स जोडायची.